रिकाम्या मैदानात आग कशी शिरली?

भूकंप झाला की घराबाहेर पडून मोकळ्या जागेत जावे, आग लागली की इमारतींपासून दूर उघड्यावर उभे राहावे, असे आपण मुलांना शिकवतो. ते बरोबरच आहे. पण १९२३ साली तोक्यो शहरातल्या सुमारे ४० हजार माणसांनी नेमके हेच केले आणि त्यांतली सुमारे ३८ हजार त्याच मैदानात मरण पावली. मैदान रिकामे होते. तिथे जळण्यासारखी एकही इमारत नव्हती. मग आग आत आली कशी?

हा प्रश्न इतिहासाचा वाटला तरी त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे, आणि ते नीट हाती यायला बराच काळ लागला. त्याचा माग काढत गेले की आपण एका शहराच्या आगीपासून निघून ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियातल्या वणव्यांपर्यंत जाऊन पोचतो.

१ सप्टेंबर १९२३ हा शनिवार होता. दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना जपानच्या कांतो प्रदेशात ७.९ रिश्टरचा भूकंप झाला. घरोघर दुपारच्या जेवणासाठी शेगड्या पेटलेल्या होत्या. घरे लाकडाची, दारे कागदाची, गल्ल्या अरुंद. शहरात शंभराहून अधिक ठिकाणी आगी लागल्या. जमिनीखालचे नळ फुटल्यामुळे बंबांना पाणी मिळेना. त्यातच त्या दिवशी नोतो द्वीपकल्पाच्या बाजूला एक वादळ होते व त्यामुळे तोक्योवर दक्षिणेकडून जोराचा वारा वाहत होता. भूकंप, जेवणाची वेळ आणि वारा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. आगी विझायला जवळजवळ दोन दिवस लागले आणि तोवर शहराचा सुमारे ४४ टक्के भाग जळून गेला होता.

सुमिदा नदीच्या पूर्व तीरावर होंजो हा दाट वस्तीचा भाग. तिथे लष्कराचे कपडे तयार करण्याचे एक मोठे कोठार पूर्वी होते. ते दुसरीकडे हलवल्यावर ती जागा उद्यानासाठी म्हणून शहराने घेतली होती. क्षेत्रफळ साधारण १६ एकर. भोवताली घरे पेटू लागली तेव्हा लोकांचे लोंढे या मैदानाकडे वळले. पोलिसांनीही लोकांना तिकडेच धाडले. त्यांना दोष देता येत नाही. आसपास एवढी मोठी मोकळी जागा दुसरी नव्हती. लोक रिकाम्या हाताने आले नाहीत. गाद्या, कपाटे, गाठोडी, हातगाड्यांवर रचलेला संसार असे सगळे बरोबर आणले. दुपारपर्यंत मैदान माणसांनी आणि सामानाने इतके भरले की हालचालीला जागा उरली नाही.

चारच्या सुमारास वावटळ आली. वाचलेल्यांनी सांगितलेल्या हकिकतींत माणसे, गाड्या, घोडे उचलले गेल्याचे वर्णन आहे. नदीपलीकडे एक तांत्रिक विद्यालय जळत होते. त्या बाजूने काळा फिरता खांब नदीवरून येताना काहींनी पाहिला. पेटलेल्या फळ्या, कौले, निखारे वरून कोसळू लागले आणि गाद्या-गाठोड्यांनी पेट घेतला. '१५ मिनिटांत ३८ हजार मृत्यू' हे वाक्य अनेक पुस्तकांतून फिरत असते. ते जपूनच घ्यावे असे मला वाटते. तिथे वावटळीचा तडाखा, ठिणग्यांचा पाऊस, जळते सामान, गर्दीतली चेंगराचेंगरी, धूर आणि उष्णता असे सगळेच एकदम झाले आणि कोणाचा जीव कशाने गेला हे वेगळे काढता येत नाही. पण वावटळ आली नसती तर मैदान वाचले असते की नाही, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा होता.

तो विचारणारा माणूस म्हणजे तोराहिको तेरादा. तोक्यो विद्यापीठातला हा भौतिकीचा प्राध्यापक कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांचा शिष्य होता आणि स्वतः उत्तम ललित निबंध लिहीत असे. भूकंप झाला त्या क्षणी तो उएनो भागात चित्रप्रदर्शन पाहायला गेलेला होता. पुढे भूकंप चौकशी समितीसाठी त्याने वावटळींचा अभ्यास हाती घेतला. साक्षी गोळा केल्या, कोणी काय, कुठून, किती वाजता पाहिले याच्या नोंदी पडताळल्या. तेव्हा कळले की होंजोची वावटळ एकटी नव्हती. एकट्या तोक्योत शंभराहून अधिक वावटळींच्या नोंदी मिळाल्या. म्हणजे ही दैवी अपवादाची गोष्ट नव्हती. मोठ्या आगीत अशा वावटळी होतातच आणि त्यांना काहीतरी नियम असला पाहिजे.

तो नियम समजण्यासाठी आपल्या नेहमीच्या वावटळीपासून सुरुवात करू. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या शेतातून धुळीचा खांब फिरत जातो तो सर्वांनी पाहिलेला असतो. पाचट पेटवलेल्या शेतात ज्वाळेला पीळ पडून ती क्षणभर उंच होते आणि विरते, हेही पुष्कळांनी पाहिले असेल. मुले विचारतात, हवा फिरायला कशी लागते? उत्तर देताना आपली एक चूक होते. गरम हवा वर जाते म्हणून ती फिरते, असे आपण सांगून टाकतो. गरम हवा वर जाते हे खरे, पण वर जाणे म्हणजे फिरणे नव्हे. शांत हवेत मेणबत्तीची ज्योत सरळच वर जाते. फिरकी आधीपासून हवेत असावी लागते. आग ती गोळा करते.

ही फिरकी येते कुठून? शेजारी शेजारी दोन वारे वेगवेगळ्या वेगाने वाहत असतील तर त्यांच्या सीमेवर हवा गरगरते. वारा टेकडीला किंवा इमारतीला वळसा घालून गेला की आडोशाला भोवरे सुटतात. पुलाच्या खांबामागे पाण्यात सुटतात तसेच. तिसरी जागा सहज लक्षात येत नाही. जमिनीलगतचा वारा घर्षणाने मंद असतो, वरचा वेगवान असतो. त्या दोहोंच्या मध्ये हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी लोळत असते. आगीचा वर जाणारा झोत या लाटण्याचे एक टोक उचलून त्याला उभे करतो.

आता ही उभी फिरकी आगीच्या झोतात सापडली की वर ओढली जाते. वर ओढली की लांब होते, लांब झाली की बारीक होते, आणि बारीक झाली की जोरात फिरते. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसलेल्या मुलाने हात जवळ घेतले की खुर्चीचा वेग वाढतो, त्याचेच हे रूप. कोनीय संवेग कायम राहतो. फळ्यावर हिशेब मांडता येईल. केंद्रापासून १०० मीटरवरची हवा सेकंदाला २ मीटर, म्हणजे चालत्या माणसापेक्षा थोड्याच अधिक वेगाने फिरत आहे असे धरा. ती १० मीटरवर ओढली गेली आणि घर्षण सोडून दिले, तर वेग दहापट, सेकंदाला २० मीटर होतो. हा ताशी ७२ किलोमीटरचा वारा झाला. एवढा वाढायला बाहेरून वादळ येण्याची गरज पडली नाही.

पण वेगाने फिरणारी हवा बाहेर फेकली जायला हवी, मग निखारे आत आणि वर कसे जातात? याचे उत्तर चहाच्या कपात आहे. चहा चमच्याने ढवळून थांबा. तळाशी बसलेली चहापत्ती कडेला न जाता मधोमध गोळा होते. आइन्स्टाइनने १९२६ साली नदीच्या वळणांवर लिहिताना हेच उदाहरण समजावून सांगितले होते. तळाशी घर्षणामुळे फिरण्याचा वेग कमी होतो, बाहेर ढकलणारा जोर घटतो, पण मध्याकडे दाबणारा दाब तसाच राहतो. म्हणून तळाचे पाणी आत सरकते आणि मधून वर चढते. वावटळीतही नेमके जमिनीलगत हवा आत धावते. आणि पाने, काटक्या, निखारे हे सगळे जमिनीवरच असते. आत आले की ते वर चढतात आणि उंचावरून दूरवर फेकले जातात. (हा कपाचा प्रयोग वर्गात जरूर करावा. आगीचा करू नये. जाळीदार टोपलीत ज्योत फिरवण्याचे प्रयोग दाखवतात, पण त्यात ज्योत अचानक कितीतरी उंच होते आणि सावरायला वेळ मिळत नाही.)

ज्योत उंच होण्याचा तपास अमेरिकेत झाला. हार्वर्ड विद्यापीठातल्या हॉवर्ड एमन्स आणि त्यांचा सहकारी यिंग यांनी १९६७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधोमध ॲसिटोनची लहानशी थाळी पेटवायची आणि तिच्याभोवती तारेच्या जाळीचे उंच पिंप फिरवायचे. जाळी हवेला आत येऊ देते, पण येताना फिरकी देते. पिंप स्थिर असताना ज्योत साधी असे. फिरवले की ती बारीक, उंच खांबासारखी होई आणि इंधन कित्येक पट वेगाने संपे. यात दोन गोष्टी घडत होत्या. तळाशी आत धावणारी हवा ज्वाळेला इंधनाच्या अगदी जवळ दाबून धरत होती, त्यामुळे इंधन जास्त तापून जास्त वाफ देत होते. आणि वरच्या भागात फिरण्यामुळे जड थंड हवा बाहेर व हलकी गरम हवा आत अशी विभागणी टिकून राहत होती, दोन्ही मिसळत नव्हत्या. ज्वाळेला पुरेसा प्राणवायू मिळेपर्यंत वर वर चढत जावे लागत होते.

याचा उपयोगही करून घेण्याचा प्रयत्न चालू आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या इंधनावर अशी वावटळ उठवली तर सांडलेले तेल जाळता येईल का, हे पाहत असताना मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये काजळीविना जळणारा एक छोटा निळा भोवरा सापडला. तो एक वेगळाच विषय आहे. आपण होंजोकडे परत जाऊ.

प्रयोगातली थाळी पेटलेली असते. होंजोचे मैदान पेटलेले नव्हते. वावटळ आगीच्या डोक्यावर उठली असती तर समजण्याजोगे होते, पण ती रिकाम्या जागेत कशी आली? वावटळ आगीपासून सुटून दूर जाऊ शकते हे एका अमेरिकी घटनेत १९२६ मध्येच दिसले होते. ७ एप्रिलला कॅलिफोर्नियातल्या सान लुईस ओबिस्पो इथे वीज पडून तेलाच्या प्रचंड टाक्या पेटल्या आणि आग काही दिवस चालली. त्या काळात शेकडो वावटळी उठल्या. त्यांतली एक आगीपासून निघून गेली आणि तिने दूरचे एक घर उचलून टाकले. त्यात दोन माणसे मेली. ज्वाळा तिथपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

होंजोचे कोडे १९९१ मध्ये सोमा आणि साइतो या संशोधकांनी लहान प्रतिकृती करून सोडवायला घेतले. जळणाऱ्या भागाचा नकाशा छोट्या मापात मांडून, त्यावर वारा सोडून पाहिले. इंग्रजी एल अक्षरासारखा, म्हणजे काटकोनात वळलेला जळता भाग असला आणि वारा योग्य बाजूने आला, की वावटळ ज्वाळांवर न उठता काटकोनाच्या आतल्या मोकळ्या जागेत उठते. आग सर्व बाजूंनी हवा ओढते. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला मोकळीक असली की ही ओढ असमान होते आणि वाऱ्याला वळण लागते. यातली दुसरी गोष्ट अशी की वाऱ्याचा वेगही ठरावीकच लागतो. फार मंद वाऱ्यात वावटळ जमत नाही, फार जोराच्या वाऱ्यात ज्वाळांचा झोत आडवा पडून ती मोडते. मधल्या एका वेगाला ती सर्वांत प्रबळ असते. म्हणजे मैदानाचे रिकामेपण हे त्या दिवशी संरक्षण नव्हते. जळत्या वस्तीच्या खोबणीतली रिकामी जागा ही वावटळीची बैठकच होती.

पण मग त्याच दिवशी, त्याच नदीच्या त्याच बाजूला फुकागावा भागात इवासाकी कुटुंबाच्या बागेत सुमारे २० हजार माणसे वाचली, ती कशी? ती बागही आगीने वेढलेली होती. फरक असा की तिथे मोठे तळे आणि दाट झाडी होती. हिरवी झाडे उष्णता अडवतात आणि जमिनीलगतचा वारा मोडतात. पाण्यावर पडलेला निखारा विझतो. होंजोत तो गादीवर पडत होता. ही तुलना जपानी नगररचनाकारांनी मनावर घेतली. तोक्यो पुन्हा उभारताना तीन मोठ्या उद्यानांबरोबर ५२ लहान उद्याने केली, तीही नव्याने बांधलेल्या प्राथमिक शाळांना लागून. शाळा, तिचे मैदान आणि शेजारची झाडी मिळून एक आसरा व्हावा, असा विचार त्यात होता. इवासाकींची बाग आज कियोसुमी उद्यान म्हणून ओळखली जाते, आणि होंजोच्या त्या मैदानावर मृतांच्या अस्थी ठेवलेले स्मारक आहे.

शहरे विटा-सिमेंटची झाली तशी ही घटना पुष्कळांना जुन्या काळातली वाटू लागली. वणव्यांशी झुंजणाऱ्यांना मात्र तसे वाटणे शक्य नव्हते. १९५५ मध्ये हॉवर्ड ग्रॅहम या हवामानतज्ज्ञाने अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलातील अशा वावटळी गोळा करून पाहिल्या. बहुतेक डोंगराच्या आडोशाकडच्या, म्हणजे वारा पाठीमागून येतो त्या उतारावर उठलेल्या निघाल्या. आता आग विझवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आग वाऱ्याच्या दिशेने जाते, उतारावर चढते, म्हणून वाऱ्याच्या आडोशाला थांबावे हा साधा हिशेब. आणि वावटळ तिथेच जन्मते. ती वाऱ्याची दिशा पाळत नाही, निखारे चारी बाजूंना टाकते आणि मागे सुटकेची म्हणून ठेवलेली वाटच पेटवते. वणव्यातल्या बहुतेक वावटळी लहान असतात, मिनिटा-दोन मिनिटांत विरतात. पण माणूस त्या मिनिटात तिथे असला तर तेवढे पुरते.

काही मात्र लहान राहत नाहीत. १८ जानेवारी २००३ रोजी ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा वणव्यांनी गाठली. चार माणसे मेली, सुमारे ५०० घरे गेली. काही भागांत छपरे उडाली होती, झाडे मोडून पडली होती. हा वणव्याच्या वाऱ्याचा जोर, असे तेव्हा पुष्कळांनी धरले. पण एका रहिवाशाने घेतलेल्या चित्रफितीत फिरता खांब स्पष्ट होता. रिक मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी चित्रफीत, नुकसानीचा पट्टा आणि रडारच्या नोंदी एकत्र ताडून २०१२ मध्ये दाखवले की ती खरीखुरी चक्री वावटळ होती. बुडाशी तिची रुंदी सुमारे अर्धा किलोमीटर आणि वारे ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असावेत असा अंदाज निघाला. घटना घडली आणि ती काय होती हे सिद्ध झाले, यात नऊ वर्षे गेली.

कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये हे अंतर बरेच कमी झाले. २३ जुलैला एका गाडीला जोडलेल्या ट्रेलरचे टायर बसले, उघडी रिम डांबरावर घासून ठिणग्या उडाल्या आणि कडेचे वाळलेले गवत पेटले. 'कार फायर' या नावाने ओळखला जाणारा हा वणवा पुढे सुमारे ९३ हजार हेक्टरवर पसरला. २६ जुलैला रेडिंग गावी पारा ४५ अंशांपर्यंत गेला होता. संध्याकाळी पश्चिमेकडून डोंगर उतरून येणारा वारा आणि दरीतली तापलेली हवा यांच्या सीमेवर आग येऊन पोचली. सीमेवर फिरकी आधीच होती. मग आगीच्या धुराचा स्तंभ काही मिनिटांत सुमारे ६ किलोमीटरवरून १२ किलोमीटर उंचीपर्यंत झेपावला आणि त्याने खालची फिरकी ओढून ताणली. साडेसात ते आठच्या दरम्यान वारे ताशी २३० किलोमीटरच्या वर गेले. विजेचे पोलादी मनोरे आडवे झाले, झाडांच्या साली सोलून निघाल्या. लोकांना घरे सोडायला मदत करणारा अग्निशमन दलाचा एक निरीक्षक तिथेच सापडला आणि मरण पावला.

त्या संध्याकाळचा जवळजवळ सगळा क्रम डॉप्लर रडारवर नोंदला गेला होता. धुरातली राख आणि अर्धवट जळलेली पाने रडारच्या लहरी परतवतात, त्यामुळे स्तंभ किती उंच आहे आणि त्यातले कण कोणत्या दिशेने फिरत आहेत हे दिसते. नील लारो आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तोराहिको तेरादाला लोकांच्या आठवणींतून जे जुळवावे लागले होते, ते इथे मिनिटागणिक समोर होते. स्तंभाची झेप आणि जमिनीवरची वावटळ यांचा संबंध स्पष्ट दिसल्यामुळे, पहिली दिसली की दुसरीची भीती धरावी, असे सांगता येऊ लागले.

दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२० रोजी, कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेजवळ लॉयल्टनचा वणवा पेटलेला असताना रीनो इथल्या हवामान कचेरीतल्या रडारवर धुराच्या स्तंभात फिरकी दिसली. कचेरीने चक्री वावटळीचा इशारा दिला. वणव्यातून उठणाऱ्या वावटळीसाठी दिला गेलेला हा बहुधा पहिलाच इशारा होता.